नेट सगळ्या साइटना सारखं मिळतंय का? ‘वेहे’ आणि ‘ऊनी प्रोब’ या दोन मोफत अ‍ॅपची परीक्षा

रात्री नऊ वाजता स्पीड टेस्ट ९५ एमबीपीएस दाखवते आणि त्याच वेळी व्हिडिओ ४८० पीच्या वर जात नाही. तक्रार केली की केबलवाला म्हणतो, स्पीड टेस्ट करून स्क्रीनशॉट पाठवा. आकडा चांगला असतो आणि तक्रार तिथेच बंद होते. मुळात स्पीड टेस्ट वेगळ्याच प्रश्नाचं उत्तर देते. जवळच्या, पुष्कळदा पुरवठादाराच्याच नेटवर्कमध्ये बसवलेल्या सर्व्हरपर्यंत तुमची लाइन किती वेगाने जाते, एवढंच ती सांगते. अमुक सेवेला मोकळी वाट आणि तमुक सेवेला अडथळा असा प्रकार चालू आहे का, हे तिच्यातून कळत नाही. तेवढ्यासाठी बनवलेली दोन अ‍ॅप आहेत, दोन्ही मोफत आणि दोन्हींचा सोर्स कोड खुला: वेहे आणि ऊनी प्रोब. दोन्ही उपयोगी आहेत, पण एकाचं काम दुसऱ्याकडून होत नाही. चुकीच्या पद्धतीने चालवली तर दोन्ही चुकीचं सांगतात.

आधी नेट न्यूट्रॅलिटीचा, म्हणजे सगळ्या साइटना सारखी वागणूक देण्याचा, नियम नीट पाहू, कारण नेमकं काय मोजायचं ते त्यावर ठरतं. ८ फेब्रुवारी २०१६ ला दूरसंचार नियामक ट्रायने डेटाच्या दरात मजकुरानुसार भेदभाव करायला बंदी घातली. ठरावीक साइट फुकट देणाऱ्या एअरटेल झिरो आणि फेसबुकच्या फ्री बेसिक्स या योजनांवरून वर्षभर चाललेल्या वादानंतर हा नियम आला. दंड दिवसाला ५० हजार रुपये, जास्तीत जास्त ५० लाख. हा झाला पैशांचा भाग. वेगाचा भाग नंतर आला. नोव्हेंबर २०१७ मध्ये ट्रायने शिफारशी दिल्या, जुलै २०१८ मध्ये दूरसंचार विभागाने त्या मान्य केल्या आणि परवान्याच्या अटींत त्या घातल्या गेल्या. कोणताही मजकूर अडवणं, मंद करणं, त्याचा दर्जा उतरवणं किंवा एखाद्याला जास्त वेग देणं, या सगळ्याला मनाई झाली. अपवादही आहेत: वाजवी ट्रॅफिक व्यवस्थापन, सरकारचा किंवा न्यायालयाचा आदेश, आपत्कालीन सेवा, विशेष सेवा. सीडीएनही, म्हणजे साइटच्या मजकुराच्या प्रती ग्राहकाच्या जवळ ठेवणारी सर्व्हरची जाळी, या नियमाच्या बाहेर ठेवले आहेत. ही शेवटची गोष्ट पक्की लक्षात ठेवा. घरच्या नेटबद्दलचे निम्मे गैरसमज तिथून निघतात.

नियम चांगला आहे, जगातल्या कडक नियमांत तो मोजला जातो. पण पुरवठादार तो पाळतो की नाही, हे रोज तपासणारी यंत्रणा ग्राहकाला कुठे दिसत नाही. ट्रायने सप्टेंबर २०२० मध्ये त्यासाठी बहुपक्षीय मंडळ सुचवलं होतं. ग्राहकाच्या हातात मात्र आजही त्याचा फोन आणि ही दोन अ‍ॅप एवढंच आहे.

वेहे अमेरिकेतल्या नॉर्थईस्टर्न विद्यापीठातल्या संशोधकांनी बनवलं. फ्रान्सचा दूरसंचार नियामक आर्सेप २०१८ पासून त्याच्या पाठीशी आहे. अँड्रॉइड आणि आयफोन दोन्हींवर ते मिळतं. त्याची युक्ती साधी आणि पक्की आहे. यूट्यूब, नेटफ्लिक्स, स्पॉटिफाय, झूम अशा सेवा चालू असताना पॅकेटांची, म्हणजे डेटाच्या तुकड्यांची, जी ये-जा होते, तिची नोंद त्यांनी करून ठेवली आहे. अ‍ॅप ती नोंद तुमच्या लाइनवरून पुन्हा वाजवतं, पहिल्यांदा जशीच्या तशी आणि दुसऱ्यांदा आतले बिट उलटे करून. आकार तोच, क्रमही तोच, फक्त ओळख पुसलेली. जोडणी सुरू होताना सर्व्हरचं नाव उघड्या अक्षरांत जातं. नेटवर्कमधलं यंत्र ते वाचूनच ‘हा नेटफ्लिक्स’ असं ठरवतं. बिट उलटे झाले की ते नाव त्याला वाचता येत नाही. पहिली फेरी २ एमबीपीएसवर अडकली आणि दुसरी २० वर गेली, तर मंद केलं जातंय ते मजकूर ओळखूनच. दोन फेऱ्यांतल्या वेगांची तुलना अ‍ॅप संख्याशास्त्रीय कसोटीने करतं आणि तीनपैकी एक निकाल देतं: भेदभाव आढळला, आढळला नाही, किंवा सांगता येत नाही.

चालवायच्या आधी व्हीपीएन (सगळं ट्रॅफिक सांकेतिक करून दुसऱ्या सर्व्हरमार्गे नेणारी सोय) बंद करा, नाहीतर पुरवठादाराच्या यंत्राला दोन्ही फेऱ्या सारख्याच दिसतील आणि निकाल कायम ‘भेदभाव नाही’ येईल. मोबाइल नेटवर्क तपासायचं असेल तर वाय-फाय बंद, आणि घरचं नेट तपासायचं असेल तर मोबाइल डेटा बंद. पार्श्वभूमीला चाललेले फोटो बॅकअप आणि अ‍ॅप अपडेट थांबवा. वाय-फायवर असाल तर ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यावर, राउटरच्याच खोलीत बसा. २.४ गिगाहर्ट्झवर शेजारच्या सात-आठ राउटरांची गर्दी असते आणि दोन फेऱ्यांमधल्या अर्ध्या मिनिटात वेग इतका हलतो की तोच भेदभावासारखा दिसू शकतो. यादीतून दोन-तीनच सेवा निवडा. प्रत्येक नोंद दोनदा वाजते, म्हणून डेटाही दुप्पट जातो. सेटिंगमध्ये पुष्टीची फेरी चालू ठेवा. फरक दिसला की अ‍ॅप तीच चाचणी लगेच पुन्हा घेतं आणि योगायोगाने आलेले बरेच निकाल तिथेच गळून पडतात.

एका फेरीवर विश्वास ठेवू नका. सकाळी सात, दुपारी तीन आणि रात्री नऊ अशा तीन वेळा, तीन दिवस, म्हणजे एका सेवेसाठी नऊ निकाल घ्या. नऊपैकी सात-आठ वेळा भेदभाव दिसला आणि मंद फेरीचा आकडा दर वेळी जवळपास तोच, समजा १.५ किंवा २ एमबीपीएस, असा आला तर ती मुद्दाम लावलेली मर्यादा असण्याची शक्यता दाट आहे. गर्दीमुळे येणारा मंदपणा असा एका आकड्यावर स्थिर राहत नाही, तो वरखाली होतो. सगळ्या निकालात हा स्थिर आकडाच सगळ्यात बोलका असतो.

एक सुविधा लोकांच्या नजरेतून सुटते, ती पोर्टची, म्हणजे वेगवेगळ्या सेवांसाठी ठरलेल्या क्रमांकांच्या दारांची, चाचणी. निरनिराळ्या पोर्टवर वेग किती मिळतो आणि नेहमीच्या ४४३ वर किती, याची तुलना अ‍ॅप करतं. घरून काम करणाऱ्यांचं व्हीपीएन ११९४ वर चालत असेल आणि तेवढंच रखडत असेल, तर ही चाचणी आधी घ्या. ऑफिसच्या आयटी विभागाला दाखवायला तिचा निकाल पुरेसा असतो.

आता वेहेची मोठी उणीव. ते यूट्यूबच्या किंवा नेटफ्लिक्सच्या सर्व्हरपर्यंत जातच नाही. नोंद वाजते ती अ‍ॅपच्या स्वतःच्या चाचणी सर्व्हरशी. म्हणून नाव वाचून मंद करणारं यंत्र सापडतं, पण आयपी पत्ता पाहून केलेलं किंवा वाटेतल्या जोडणीत केलेलं काहीही सापडत नाही. आपल्याकडच्या छोट्या केबल ऑपरेटरांच्या बाबतीत ही उणीव फार भोवते. त्यांच्याकडे मोठ्या व्हिडिओ सेवांचे कॅश सर्व्हर, म्हणजे व्हिडिओंच्या प्रती साठवणारे सर्व्हर, जवळ असतात, किंवा त्या सेवांशी थेट जोडणी असते. तो भाग स्वस्त पडतो, म्हणून भरपूर असतो. बाकीच्या इंटरनेटसाठी वरच्या कंपनीकडून बँडविड्थ विकत घ्यावी लागते, आणि काटकसर होते ती तिथे. परिणाम असा की यूट्यूब पळतं आणि एखाद्या विद्यापीठाची साइट, परदेशातला सर्व्हर किंवा छोट्या मराठी प्रकाशकाचं ऑडिओ अ‍ॅप रात्री रखडतं. हा भेदभाव आहे का? परिणामाने आहेच. नियमाने तो पकडणं मात्र अवघड आहे, कारण कॅश आणि सीडीएन अपवादात बसतात आणि ‘कमी बँडविड्थ घेतली’ हा परवान्याचा भंग ठरवणं सोपं नाही. वेहे अशा लाइनला खुशाल ‘भेदभाव नाही’ असा दाखला देईल.

या प्रकारासाठी हाताने करायची एक तपासणी आहे. एकाच पंधरा मिनिटांत तीन आकडे घ्या: फास्ट डॉट कॉमचा, एम-लॅब या खुल्या इंटरनेट मोजणी प्रकल्पाच्या एनडीटी या वेगाच्या चाचणीचा आणि नेहमीच्या स्पीड टेस्टचा, पण हिच्यात सर्व्हर हाताने दुसऱ्या शहरातला आणि दुसऱ्या कंपनीचा निवडून. फास्ट डॉट कॉम नेटफ्लिक्सच्या सर्व्हरकडून डेटा आणतं, त्यामुळे त्याचा आकडा एकटाच कमी आलेला असेल तर संशय नेटफ्लिक्सच्या ट्रॅफिकवर जातो. उलट फास्ट डॉट कॉम ९५ आणि बाकी दोन १५-२० असतील, तर वरच्या बँडविड्थची काटकसर समजा. एनडीटी एकाच टीसीपी (डेटा पोचवण्याची नेहमीची पद्धत) जोडणीवर मोजतं, नेहमीची स्पीड टेस्ट एकदम अनेक जोडण्या उघडते. एनडीटीचा आकडा थोडा कमी येणं म्हणूनच स्वाभाविक आहे. अर्ध्याहून कमी आला तर दखल घ्या.

ऊनी प्रोब मंदपणा सोडून अडवणूक शोधतं. प्रकल्प २०१२ पासूनचा आहे, टोर या ओळख लपवून नेट वापरू देणाऱ्या प्रकल्पातून निघालेला. अँड्रॉइड, आयफोन, विंडोज, मॅक आणि लिनक्स सगळीकडे चालतो. अँड्रॉइडवर प्ले स्टोअर नको असेल तर एफ-ड्रॉइड या खुल्या अ‍ॅपच्या भांडारातही आहे. साइटच्या चाचणीत अ‍ॅप ठरलेल्या यादीतला एकेक पत्ता तुमच्या नेटवरून उघडतं, तोच पत्ता बाहेरच्या नियंत्रण सर्व्हरवरून उघडतं आणि दोन्ही निकाल ताडून पाहतं. डीएनएसने, म्हणजे साइटच्या नावावरून तिचा आकडी पत्ता सांगणाऱ्या सेवेने, योग्य पत्ता दिला का, टीसीपी जोडणी झाली का, टीएलएसची, म्हणजे जोडणी सांकेतिक करण्याची, बोलणी पुरी झाली का, पान तेच आलं का, असं पायरीपायरीने. टोरंटो विद्यापीठातल्या सिटिझन लॅबच्या जागतिक यादीत भारताची यादी मिळवली तर हजाराहून जास्त पत्ते होतात. हाताने चालवलं तर पहिल्यांदा दीड मिनिटाची मर्यादा असते. तेवढ्यात सगळी यादी होत नाही, मर्यादा सेटिंगमधून वाढवा.

पण एक सावधानता आधी. ही यादी जुगार, अश्लील मजकूर, राजकीय विरोध असे सगळे विषय घेऊन येते आणि त्या पत्त्यांकडे तुमच्या जोडणीवरून खरोखर विनंत्या जातात. पुरवठादाराला त्या दिसतात. शिवाय निकाल जाहीर होतात: तारीख, देश आणि नेटवर्कचा क्रमांक यांसह. तुमचा आयपी पत्ता अ‍ॅप काढून टाकायचा प्रयत्न करतं, पण याच अ‍ॅपमधल्या एनडीटी चाचणीचा डेटा एम-लॅबकडे जातो आणि एम-लॅब आयपी पत्त्यासकट तो प्रसिद्ध करतं. कॉलेजच्या, ऑफिसच्या किंवा सरकारी नेटवर्कवर परवानगीशिवाय हे चालवू नका. घरीही नको असलेल्या श्रेणी सेटिंगमधून बंद करा. निव्वळ ठरावीक साइट तपासायच्या असतील तर यादी न वापरता पत्ते हाताने भरा. पाच पत्ते अर्ध्या मिनिटात होतात.

अँड्रॉइड ९ पासून आलेलं ‘प्रायव्हेट डीएनएस’ तपासणीपुरतं बंद करा. ते चालू असेल तर पत्त्याची विचारणा पुरवठादाराला वळसा घालून जाते आणि डीएनएसवर केलेली अडवणूक निकालात दिसतच नाही. राउटरमध्ये गूगलचा ८.८.८.८ किंवा क्लाउडफ्लेअरचा १.१.१.१ हा डीएनएस भरला असेल तर तोच घोळ. निकालात कोणत्या डीएनएस सर्व्हरने उत्तर दिलं ते लिहिलेलं असतं, ते वाचायची सवय लावा. एक बारकावा: सर्व्हर गूगलचा दिसतोय आणि तरीही पत्ता चुकीचा आला, तर वाटेतच कोणीतरी खोटं उत्तर घुसवलं असू शकतं. हे साध्या डीएनएस अडवणुकीपेक्षा गंभीर आहे. एखादी साइट क्रोममध्ये उघडते आणि अ‍ॅपमध्ये अडलेली दिसते, याचंही कारण बहुधा डीएनएसच असतं. क्रोमचं सुरक्षित डीएनएस वेगळ्या वाटेने जातं.

निकाल वाचताना सगळ्यात जास्त चुका होतात. ‘विसंगती’ म्हणजे अडवणूक नव्हे. मोठ्या सीडीएनवरची साइट मुंबईत एक पत्ता देते आणि अ‍ॅमस्टरडॅममध्ये दुसरा, अ‍ॅपला ते विसंगत वाटू शकतं. बँकांच्या आणि सरकारी कित्येक साइट परदेशातून उघडत नाहीत, त्यामुळे बाहेरचा नियंत्रण सर्व्हरच अपयशी ठरतो. काही साइट रोबोट समजून पहारा लावतात आणि वेगळंच पान देतात. ‘पक्की अडवणूक’ असा शिक्का अ‍ॅप बसवतं ते ओळखीचं अडवणुकीचं पान सापडल्यावर, म्हणजे दूरसंचार विभागाच्या आदेशानुसार हा पत्ता बंद केला आहे अशा अर्थाचं पान. मधल्या प्रकारात कच्चा निकाल उघडून पाहा. डीएनएस बरोबर, टीसीपी जोडणी झाली, आणि टीएलएसची पहिली ओळख पाठवताच जोडणी तुटली, असा नमुना असेल तर सर्व्हरचं नाव वाचून तोडणारं यंत्र मध्ये आहे. एचटीटीपीएस साइटवर अडवणुकीचं पान दाखवता येत नाही, म्हणून असं नुसतं तोडलं जातं आणि वापरणाऱ्याला वाटतं साइटच बंद पडली. पक्कं करायला तोच पत्ता त्याच तासात दुसऱ्या कंपनीच्या सिमवरून तपासा. एकाकडे तुटतो आणि दुसऱ्याकडे उघडतो, तर दोष साइटचा नाही.

असं होण्यामागे आपल्याकडची रचना आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६९ अ कलमाखालचे आदेश कंपन्यांकडे जातात आणि २००९ च्या नियमांत त्यांची गुप्तता सांगितली आहे. कशी अडवणूक करायची हे कंपनी आपलं आपण ठरवते. म्हणून एकाच देशात याद्याही वेगळ्या आणि पद्धतीही वेगळ्या. आदेशाने केलेली अडवणूक नेट न्यूट्रॅलिटीच्या नियमाचा भंग नाही. आदेश नसताना केलेली अडवणूक मात्र भंग आहे. बाहेरून दोन्ही सारख्याच दिसतात आणि आदेश वाचायला मिळत नाही. ऊनीचा खुला साठा यासाठीच मोलाचा आहे. जिओचा नेटवर्क क्रमांक ५५८३६, बीएसएनएलचा ९८२९. ऊनी एक्सप्लोररवर पत्ता आणि हे क्रमांक टाकले की इतरांनी केलेली मोजणीही तारखेनुसार दिसते. एखादा पत्ता एकाच नेटवर्कवर, एकाच तारखेपासून बंद दिसला, तर प्रश्न विचारायला आधार मिळतो. भारताच्या यादीत नसलेल्या साइट ऊनीच्या संकेतस्थळावरून सुचवता येतात. मराठी वृत्तस्थळं आणि चळवळींच्या साइट चालवणाऱ्यांनी आपला पत्ता तिथे जरूर घालावा. जी साइट यादीतच नाही, तिची अडवणूक कोणाच्याही आपोआप चालणाऱ्या चाचणीत सापडत नाही.

संदेश अ‍ॅपच्या चाचण्या, म्हणजे व्हॉट्सअ‍ॅप, टेलिग्राम, सिग्नल यांच्या, लगेच होतात आणि डेटाही थोडा खातात. मात्र त्यांचा अर्थ मर्यादित आहे. व्हॉट्सअ‍ॅपचे सर्व्हर गाठता आले का एवढंच कळतं. कॉल तुटतोय, आवाज अडखळतोय, याचा पत्ता त्यात लागत नाही. ऊनीतल्या ‘कामगिरी’ गटापासून, म्हणजे वेग मोजणाऱ्या चाचण्यांपासून, रोजच्या पॅकवाल्यांनी दूर राहावं. हिशेब करा: एनडीटी दहा सेकंद डाउनलोड आणि दहा सेकंद अपलोड करतं. १०० एमबीपीएसवर दहा सेकंद म्हणजे १००० मेगाबिट, म्हणजे १२५ एमबी, आणि अपलोडही तेवढाच वेगवान असेल तर २५०. ५जीवर ३०० एमबीपीएस लागला तर नुसत्या डाउनलोडलाच ३७५ एमबी. दीड जीबीच्या पॅकचा पाव हिस्सा एका चाचणीत जातो. आपोआप चालणारी चाचणी फक्त वाय-फायवर आणि चार्जिंगला असताना अशी ठेवा.

नेट पूर्ण बंद असताना अर्थातच काही करता येत नाही. जून २०२३ मध्ये कोल्हापुरात मोबाइल इंटरनेट बंद केलं होतं, तशा वेळी फोनवरच्या अ‍ॅपला मोजायलाच काही उरत नाही.

दरातला भेदभाव या दोन्ही अ‍ॅपच्या आवाक्याबाहेर आहे, आणि २०१६ चा नियम तर नेमका त्याबद्दलच आहे. तो हाताने मोजावा लागतो. फोन एकाच सिमवर ठेवा, पार्श्वभूमी डेटा बंद करा, कंपनीच्या अ‍ॅपमध्ये उरलेला डेटा लिहून घ्या. संशय असलेल्या सेवेवर सुमारे ५०० एमबी वापरा. किती वापरला ते फोनच्या सेटिंगमध्ये त्या अ‍ॅपच्या नावापुढे दिसतं. शिल्लक उशिरा ताजी होते, म्हणून अर्धा तास थांबून पुन्हा पाहा. मग तेवढाच डेटा दुसऱ्या सेवेवर. एकीचा कापला गेला आणि दुसरीचा नाही, तर ती तक्रारीची बाब आहे. पॅकसोबत ओटीटीचं सदस्यत्व फुकट मिळणं मात्र यात बसत नाही, कारण डेटा सारखाच कापला जातो. रोजचा कोटा संपल्यावर सगळंच ६४ केबीपीएसवर येणंही भेदभाव नाही, त्रासदायक असलं तरी.

तक्रार करताना ‘नेट स्लो आहे’ असं लिहू नका. त्या शब्दांना ठरलेलं उत्तर आहे, राउटर बंद करून चालू करा. लिहा: अमुक तारखांना, अमुक वेळी, नऊपैकी आठ चाचण्यांत अमुक सेवेचं ट्रॅफिक २ एमबीपीएसवर मर्यादित आढळलं, तेच ट्रॅफिक ओळख पुसल्यावर २० एमबीपीएसने गेलं, ही मर्यादा परवान्याच्या कोणत्या अपवादात बसते ते लेखी कळवा. सोबत वेहेचे स्क्रीनशॉट किंवा ऊनीच्या मोजणीची लिंक, पॅकचं नाव, आणि केबलने जोडलेल्या लॅपटॉपवरचा एक आकडा, म्हणजे वाय-फायचं कारण पुढे करता येणार नाही. तक्रारीचा डॉकेट (नोंदणी) क्रमांक घ्या. उत्तर पटलं नाही तर ३० दिवसांत त्याच कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे जाता येतं, शुल्क नाही. ट्राय वैयक्तिक तक्रारी सोडवत नाही, पण डॉकेट आणि अपील यांच्या प्रतींसह नमुना कळवला तर तो त्यांच्या नोंदीत जातो.

गुणच द्यायचे तर ऊनी प्रोबला पाचपैकी साडेचार. अर्धा कापला तो विसंगतीचा अर्थ नवख्याला नीट समजावून न सांगितल्याबद्दल. वेहेला तीन. कल्पना अतिशय चांगली, पण सेवांची यादी मुख्यतः अमेरिका आणि फ्रान्सच्या प्रेक्षकांची आहे आणि भारतीय केबल नेटवर्कचा खरा आजार तिच्या कसोटीत येत नाही. फोनमध्ये एकच ठेवायचं असेल तर मोबाइल डेटावर व्हिडिओ पाहणाऱ्याने वेहे ठेवावं. साइट चालवणाऱ्याने, पत्रकाराने आणि ज्याच्या घरी दोन वेगवेगळ्या कंपन्यांची सिम आहेत त्याने ऊनी.